नीलम्माची दोन उलथनी

गावाचं नाव मी सांगत नाही. अणदूरहून नळदुर्गाच्या अंगाला जाताना सडकेपासून कोसभर आत आहे, एवढं पुरे. गढी आता पडली, गढीवाल्यांची नातवंडं पुण्यात नोकऱ्या करतात आणि बोलायला चांगली आहेत. त्यांच्याशी माझं भांडण नाही. भांडण होतं ते नीलम्माचं, आणि ते त्यांच्या आजोबांशी.

गढी होती ऐन वेशीत. एका अंगाला तिची भिंत, दुसऱ्या अंगाला ओढ्याचा काठ, आणि मधून गावात यायची-जायची एकुलती एक वाट. त्या वाटेवर एक चाल होती. गढीसमोर पिंपळापासून वेशीच्या कमानीपर्यंत कुणी कशावर बसून जायचं नाही. घोड्यावरचा माणूस उतरायचा, गाडीवान जू धरून बैलांच्या शेजारी चालायचा, म्हातारी माणसं गाडीतून उतरून कमरेवर हात ठेवून तेवढं अंतर तोडायची आणि पलीकडं पुन्हा चढायची. तहसीलदाराची मोटार तेवढी सुसाट जायची, कारण तहसीलदाराला उतर म्हणण्याएवढे गढीचे आण्णासाहेब वेडे नव्हते. ही चाल कुणी घातली हे विचारलं तर गावातलं कुणीही सांगायचं, की पहिल्यापासून हाय.

नीलम्मा आळंदकडची, कानडी मुलखातली. तिचं लग्न शिवप्पाशी झालं तेव्हा वरातीची गाडी वेशीच्या कमानीपाशी थांबली आणि सगळे वऱ्हाडी धडाधड खाली उतरले. नवरीलाही उतरायला सांगितलं. नीलम्माला वाटलं, देऊळ असेल. ती हात जोडून उतरली, आणि पाहते तर समोर देव नाही, एक मिशावाला माणूस ओसरीवर पान चघळत बसलेला. तिनं जोडलेले हात खाली घेतले. सासूला, प्रेमाबाईंना, तिनं तिथंच विचारलं, "कशाला उतरायचं?"

"उतरत्यात," प्रेमाबाई म्हणाल्या.

यापलीकडं त्यांना काही सांगता आलं नाही. म्हातारी गरीब होती बिचारी, तिला आयुष्यात कुणी कशाचं कारण सांगितलं नव्हतं. पण नीलम्माच्या मनात तो प्रश्न तसाच राहिला, दातात अडकलेल्या सुपारीच्या कणासारखा.

शिवप्पाचा धंदा खायच्या पानांचा. गावच्या पानमळ्यांतली पानं करंड्यांत भरायची, ओलं फडकं घालायचं आणि सोलापूरच्या बाजारात पोचवायची. पान हा माल लई मानी. वेळेवर पोचलं तर हिरवंगार, नाहीतर काळं पडून जातं आणि शेळीसुद्धा तोंड लावत नाही. बैलगाडीनं सडकेपर्यंत, सडकेवरून मोटार मिळाली तर मोटारीनं, मग निजामाच्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर तासन्‌तास उभं राहायचं आणि तेव्हा कुठं इंग्रजांच्या हद्दीत शिरायचं. निम्मा माल वाटेतच मान टाकायचा.

दुसरी मोठी लढाई संपली तेव्हा सोलापुरात मिलिटरीच्या जुन्या सामानाचा लिलाव झाला. नीलम्मानं माहेरून आलेल्या आपल्या दोन्ही म्हशी विकल्या आणि नवऱ्याला म्हणाली, "एक फटफटी घिऊन या." शिवप्पा सरळ, भिडस्त गडी. बायको म्हशी विकते म्हणजे काहीतरी विचार केला असेल म्हणून तो गेला, आणि लिलावातून एक हिरव्या रंगाची, जागोजागी पोपडे उडालेली फटफटी घेऊन आला. ती चालवायला तो तिथंच महिनाभर एका ड्रायव्हरच्या हातापाया पडून शिकला होता. मागं दोन्ही बाजूंना करंड्या बांधायला त्यानं लोखंडी चौकट करून घेतली होती.

पहिल्या दिवशी तो गावात आला तो थेट गढीसमोरून, बसूनच. मुद्दाम नव्हे. ती गाडी एकदा बंद पडली की पुन्हा सुरू करायला पाय तुटेस्तोवर लाथा माराव्या लागायच्या, म्हणून वाटेत थांबायचंच नाही एवढंच त्याच्या डोक्यात होतं. आण्णासाहेब पहिल्यांदा हसले. दुसऱ्या दिवशी हसले नाहीत. तिसऱ्या दिवशी गढीचा माणूस बलभीम निरोप घेऊन आला.

शिवप्पा गढीवर गेला तेव्हा आण्णासाहेब पान खात होते. पान अर्थात शिवप्पाच्याच घरचं, रोज सकाळी गढीवर फुकट पोचणारं.

"शिवप्पा, चांगली हाय की गाडी," आण्णासाहेब म्हणाले. "पिपळापासनं ढकलत नेत जा म्हंजे झालं."

"जी," शिवप्पा म्हणाला. दुसरं तो काय म्हणणार.

घरी येऊन त्यानं ते सांगितलं तेव्हा नीलम्मा भाकरी थापत होती. तिनं भाकरी तव्यावर टाकली, हात धुतले आणि मगच बोलली.

"ढकलायची न्हाय."

"अगं, चार पावलं तर हायत."

"चार पावलं हायत तर मग त्यांनीच डोळं मिटून बसावं तेवढा येळ." ती नवऱ्यासमोर येऊन बसली. "म्या एक इचारते. आपल्या लिंगायतांत माणूस मेलं म्हंजे कसं नेत्यात?"

शिवप्पा गोंधळला. "कसं म्हंजे? बसवून नेत्यात."

"बसवून नेत्यात. विमानाच्या डोलीत बसवून, भजन म्हणत, ह्याच गढीपुढनं. तवा आण्णासाहेब म्हणत्यात का, मड्याला उतरवा म्हणून?"

"न्हाय."

"मग मेलेल्या माणसानं बसून जायचं आन्‌ जित्त्यानं उतरायचं, ह्ये कुठलं शहाणपण? उद्या बसून जायचं. आन्‌ सकाळची पानाची जुडी गढीवर जाणार न्हाय. त्यांना खायची तर बाजारातनं आणू द्या."

कोपऱ्यात बसलेल्या प्रेमाबाईंनी कपाळाला हात लावला. शिवप्पा रात्रभर कूस बदलत राहिला. पण सकाळी तो बसून गेला, कारण गढीची भीती दूर होती आणि नीलम्मा घरात होती.

त्यानंतर वाटेवर बाभळीचे काटे दिसू लागले. ओढ्याकाठी बाभळी होत्याच, तेव्हा वाऱ्यानं आले असं म्हणायची सोय होती. वारा मात्र मोठा हुशार, पिंपळापासून कमानीपर्यंतच काटे टाकायचा. फटफटीचं चाक सकाळी बसायचं आणि शिवप्पाला गाडी ढकलत न्यावी लागायची, गढीपुढून, मान खाली घालून. आण्णासाहेब ओसरीवर बसून पाहायचे. त्यांना जे हवं होतं ते तोंडातून एक शब्द न काढता मिळत होतं.

हवा-पंक्चरचं काम करणारा मिस्त्री जवळपास एकच, नळदुर्गचा व्यंकट. त्यानं पहिल्या दोन वेळा ठिगळ मारून दिलं. तिसऱ्या वेळी तो शिवप्पाला बाजूला घेऊन म्हणाला, "शिवप्पा, माझं निम्मं पोट आण्णासाहेबांच्या मोटारीवर हाय. तू माझ्याकडं येत जाऊ नगंस. राग मानू नको." शिवप्पानं राग मानला नाही. नीलम्मानंही मानला नाही. पोट कुणाला चुकलंय.

मग एके दिवशी काट्यांच्या जागी सोड्याच्या बाटलीच्या काचा आल्या. मागचं टायर असं चिरलं, की आत बोट जाईल. आता ठिगळानं भागणार नव्हतं. शिवप्पानं सोलापूरहून नवं टायर आणि नवी ट्यूब आणली. खांद्यात टायर अडकवून तो मोटारीतून उतरला आणि सडकेपासून गावापर्यंत चालत आला, तेव्हा गढीवरून बलभीमनं विचारलं, "बसवणार कोण?" शिवप्पा तसाच पुढं चालत राहिला. त्यानं घरी येऊन टायर भिंतीला टेकवलं आणि त्याच्याकडं पाहत बसला.

"त्यात काय," नीलम्मा म्हणाली. "म्या बसवते."

हे ती उगाच बोलली नव्हती. तिच्या माहेराला भिंत लागून लोहाराची भट्टी होती. लहानपणापासून तिनं गाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव चढवताना शेकडो वेळा पाहिलं होतं. धाव चाकापेक्षा मुद्दाम जराशी लहानच करतात. मग गोवऱ्यांचा गोल ढीग रचून ती त्यात लालबुंद तापवायची, म्हणजे ती फुगते. सांडशीनं उचलून चाकावर ठोकायची, वरून घागरीनं पाणी ओतायचं, की आवळून बसली जन्माची. नीलम्मानं चाक काढून अंगणात आडवं ठेवलं, त्यावर टायर ठेवून पाहिलं. टायर रिंगेवर चढेना, तोंड लहान. झालं. तिला सगळं समजलं.

तिनं गोवऱ्या रचल्या.

पुढं काय झालं ते त्या गावात अजून सांगतात. काळ्या धुराचा लोट उठला, तो गढीच्याही वर गेला. अशी घाण सुटली, की देवळातला गुरव घंटा टाकून बाहेर आला. शेजारपाजारचे धावले, घर पेटलं म्हणून पाण्याच्या घागरी घेऊन आले आणि पाहतात तर नीलम्मा सांडशीनं टायर ओढून काढतेय, आणि टायरच्या एका अंगाला भाकरीएवढा डाग जळून वर आलाय. घागरी त्या टायरवरच रिकाम्या झाल्या. मग लोक जे हसायला लागले ते चार दिवस हसत होते. पोरं दारावरून जाताना ओरडायची, "नीलाक्का, टायर भाजलं का कच्चंच हाय?" शिवप्पा मळ्यात तोंड लपवून बसला. प्रेमाबाई म्हणाल्या, "सोड आता, माय. आपल्याला न्हाय झेपायचं."

चौथ्या दिवशी बलभीम आला. ओसरीखाली उभा राहून, हसू दाबत म्हणाला, "आण्णासाहेब म्हणत्यात, गाडी इकायची आसंल तर सांगा. भंगाराच्या भावानं का व्हईना, घेतो म्हणत्यात."

नीलम्माला हसणाऱ्यांचा राग आला नव्हता, तिचं तिलाही हसू येत होतं. पण या निरोपानं तिच्या मस्तकाची शीर उठली. म्हणजे आपल्या म्हशी गेल्या, त्यांच्या पैशाची फटफटी त्या माणसाच्या दारात उभी राहणार आणि आपण त्याच दारापुढून बैलगाडीमागं चालत जायचं. तिनं बलभीमला बसायला सुद्धा सांगितलं नाही. म्हणाली, "सांग त्यांना, टायर जरासं करपलंय, नीलम्मा न्हाय."

बलभीम गेल्यावर तिनं टायर निरखून पाहिलं. जळालं होतं ते वरवर, आतलं जाड सूत शाबूत होतं. ते तिनं अंगणातल्या काळ्या फरशीवर उन्हात टाकलं, निव्वळ डोळ्यांपुढून दूर व्हावं म्हणून. फाल्गुनाचं ऊन होतं. दुपारी उचलायला गेली तर तेच टायर हाताला मऊ लागलं, दाबलं की वाकत होतं. सकाळी ते लाकडासारखं ताठ होतं. नीलम्मा तिथंच खाली बसली. आगीनं जे बिघडलं होतं ते उन्हानं सुधारत होतं, तर मग या वस्तूची रीत धावेहून वेगळी असली पाहिजे, एवढं तिच्या ध्यानात आलं.

तिनं स्वयंपाकघरातून दोन उलथनी आणली, भाकरी उलटायची, लोखंडी. रिठ्याचं पाणी करून टायरच्या कडेला चोपडलं आणि उलथन्यानं कड रिंगेवर ओढायला बसली. पहिलं उलथनं वाकलं. दुसरं सटकलं आणि बोटांची सालटी गेली. तिनं रक्त पदराला पुसलं. कड निम्मी चढायची आणि पुढं हलायची नाही, जोर लावावा तसतशी जास्तच ताठ व्हायची. संध्याकाळपर्यंत तिनं टायरला कानडीत ज्या शिव्या दिल्या त्या बऱ्या मराठीत आणता येणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दमून ती टायरवर गुडघे टेकून बसली तेव्हा तिच्या वजनानं समोरची कड रिंगेच्या मधल्या खोलगट घळीत घसरली. आणि इकडं, जिथं ती इतका वेळ झगडत होती तिथं, टायर एकदम ढिलं पडलं. हातानंच निम्मं वर आलं. नीलम्मानं गुडघा काढला, पुन्हा ताठ. गुडघा टेकला, पुन्हा ढिलं. ती एकटीच हसायला लागली. म्हणजे इतके दिवस ती जोर लावत होती इकडं, आणि खरी मेख होती तिकडं, समोरच्या अंगाला. धावेला तापवून मोठं करावं लागतं. याला एका बाजूनं घळीत दाबून धरायचं, की दुसऱ्या बाजूनं ते आपणच वाट देतं.

गावातल्या लोहाराकडं जाऊन तिनं वाकलेलं उलथनं सरळ करून घेतलं, दोन्हींची टोकं ठोकून गोल केली आणि कानशीनं गुळगुळीत केली, ट्यूबला लागू नयेत म्हणून. तरी पहिल्या खेपेला ट्यूब उलथन्याखाली चिमटली आणि फुस्स झाली. तिनं सगळं काढलं, ठिगळ मारलं, पुन्हा बसवलं. ट्यूबमध्ये आधी जराशी हवा भरली, म्हणजे ती गोल राहते आणि चिमटत नाही, हे तेव्हा कळलं. सोलापूरच्या दुकानदारानं ट्यूबला पांढरी पूड लावायला सांगितलं होतं, ती कुठून आणायची? नीलम्मानं चुलीतली गोवरीची राख फडक्यातून गाळली आणि ट्यूबला फासली.

"अगं, भस्म कपाळाला लावायचं की ह्याला?" प्रेमाबाई कळवळून म्हणाल्या.

"ह्ये चुलीतलं हाय, अव्वा. देवाचं न्हाय."

म्हातारी जरा वेळानं उठून आत गेली, देवळीतून खरी विभूती चिमूटभर आणली आणि चाकाच्या मधल्या गट्टूला तीन बोटं ओढली. नीलम्मानं पाहिलं आणि चाक उचललं. चाक बसलं, हवा भरली, फटफटी अंगणात उभी राहिली. जळालेल्या डागाचा तुकडा टायरच्या पाठीवरही उतरला होता. तिथली नक्षी वितळून सपाट झाली होती. धुळीतून गाडी नेली की प्रत्येक फेऱ्याला एक सपाट पट्टा उमटायचा. गावभर कुणालाही कळायचं, की इथून नीलम्माचं टायर गेलं.

आता शिवप्पाला धीर आला, म्हणजे निम्मा. निम्मा नीलम्माजवळ होता. ती म्हणाली, "उद्या म्या सडकेपर्यंत संगं येते. काचा टाकल्याबिगर ऱ्हायचे न्हाईत ते." तिनं दोन्ही उलथनी, पंप, ठिगळं आणि ती चिकटवायच्या सोलुशनची नळी एका फडक्यात बांधली आणि ते गाठोडं मांडीवर घेऊन मागं बसली, दोन करंड्यांच्या मध्ये. नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला. बाई फटफटीवर बसलेली गावानं तोवर पाहिली नव्हती. माणसं हातातली कामं टाकून वेशीकडं आली.

पिंपळ गेला. गढीचा दरवाजा समोर आला, आणि बरोबर तिथंच मागचं चाक फुस्सकन बसलं. काच दिसतही नव्हती, मातीत उभी पुरलेली होती. गाडी थांबली. शिवप्पाचे पाय जमिनीला टेकले.

ओसरीवर आण्णासाहेब होते. पायरीवर बलभीम होता. वेशीत अर्धा गाव होता. पुढं काय होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. आता ढकलायची.

"ढकला की," बलभीम म्हणाला.

शिवप्पाचे हात ढकलायला वळलेसुद्धा. नीलम्मानं मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "गाडी घोडीवर लावा," ती म्हणाली. "जागची हलवू नगा."

त्यानं मागचा लोखंडी पाय, घोडी, खाली पाडून गाडी त्यावर उभी केली. नीलम्मानं धुळीत, भर वाटेत, गढीच्या दाराकडं तोंड करून चाकाशी मांडी ठोकली आणि फडक्याचं गाठोडं सोडलं. उलथनी बाहेर आली तेव्हा कुणीतरी हसलं. मग पहिलं उलथनं कडेखाली गेलं, समोरच्या अंगाला तिनं टाचेनं टायर घळीत दाबलं, आणि कड अशी सुटली, की हसणारा थांबला. तिनं ट्यूब हातभर बाहेर ओढली. टायरच्या आतून फडकं फिरवलं, काचेचा तुकडा शोधला, उपसून काढला आणि गढीच्या पायरीवर अलगद नेऊन ठेवला.

"तुमचा हाय," ती बलभीमला म्हणाली.

आण्णासाहेब ओसरीच्या कडेला आले. त्यांचा आवाज कधी चढत नसे, आताही चढला नाही. "शेवटी उतरलीस की न्हाय खाली?"

"उतरले न्हाय, आण्णासाहेब," नीलम्मा परत येऊन खाली बसत म्हणाली. "बसलेली हाय. आदी गाडीवर बसले हुते, आता हितं बसले. हे झालं की पुन्ना तिथं बसंन."

"वाट आडीवतीयास माझी."

"वाट आडली ती काचंनं. म्या मोकळी करायला बसले." तिनं ट्यूबमध्ये हवा मारली आणि कान लावला. भोक बारीक होतं, माणसांच्या कुजबुजीत त्याचा आवाज लागेना. ते शोधायला पाणी हवं होतं, आणि पाणी तिनं आणलं नव्हतं. एवढी सगळी तयारी केली आणि नेमकं पाणीच विसरली. ओढा फाल्गुनात कोरडा पडलेला. मग तिनं मान वर केली.

"घमेलंभर पाणी द्या," ती गढीला म्हणाली.

बलभीम आण्णासाहेबांकडं पाहू लागला. दाराशी बसलेल्या बाईनं पाणी मागावं आणि घरानं गप्प बसावं, हे अर्ध्या गावासमोर घडत होतं. कुणीतरी घसा खाकरला. तेवढ्यात दरवाजाच्या आतून एक म्हातारा, कातर आवाज आला. आण्णासाहेबांच्या आईचा, लक्ष्मीबाईंचा. गावातल्या निम्म्या माणसांनी तो आवाज पहिल्यांदाच ऐकला असेल.

"बलभीम, पाणी मागितलंय त्या लेकीनं. का म्या आणू?"

बलभीमनं पाणी आणलं. ते त्याला नीलम्माच्या पुढ्यात वाकून ठेवावं लागलं. तिनं ट्यूब पाण्यात धरली, बुडबुडे आले, तिथं बोट दाबलं. पुसून, घासून, सोलुशन लावून ती वाळायची वाट पाहत बसली. घाई केली की ठिगळ निघतं, आणि आज ते निघून चालणार नव्हतं. ऊन वर आलं. गाव उभा होता, आण्णासाहेब उभे होते, आणि नीलम्मा तेवढी मांडी घालून निवांत बसलेली होती. मग तिनं ठिगळ दाबलं, ट्यूब आत सारली, टाच रेटून कड चढवली आणि शिवप्पाला म्हणाली, "मारा हवा."

शिवप्पानं पंप मारला. या माणसाला मी भिडस्त म्हणालो, पण त्या वेळी तो पंप मारताना मान खाली घालून मारत नव्हता. हवा भरल्यावर नीलम्मानं घमेल्यातलं उरलेलं पाणी पिंपळाच्या मुळाशी ओतलं, घमेलं पायरीवर ठेवलं आणि दाराकडं वळून म्हणाली, "लई उपकार, आईसाहेब." आण्णासाहेबांकडं तिनं पाहिलं नाही. दोघं बसली. तिसऱ्या लाथेला फटफटी सुरू झाली आणि कमानीतून बाहेर पडली. मागं धुळीत ते सपाट पट्टे उमटत गेले, एकामागून एक.

दुसऱ्या दिवशी वाटेवर ना काटा होता ना काच. घोड्यावरून बाहेरगावी निघालेला गावातला शंकरप्पा पिंपळापाशी घुटमळला, त्यानं पट्ट्यांकडं पाहिलं आणि तसाच बसून पुढं गेला. निजामाचं राज्य अजून वर्ष-दीड वर्ष टिकायचं होतं, पण त्या गावात त्यातला एक तुकडा तेवढा आधीच गळून पडला होता.

आठवड्यानं एका सकाळी शिवप्पा करंड्या बांधत होता. प्रेमाबाई बाहेर आल्या. धुतलेलं लुगडं नेसलेल्या, कपाळाला विभूती. त्यांनी फटफटीच्या मागच्या बैठकीला हात लावून पाहिला.

"आज करंड्या ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "मला ने."

"कुठं, अव्वा?"

"कुठं न्हाय. गढीपुढनं सडकंपर्यंत. आन्‌ तसंच माघारी."

शिवप्पानं बायकोकडं पाहिलं. नीलम्माही बघत राहिली. तिला वाटलं होतं, या म्हातारीला यातलं काही कळलेलं नाही.

"म्या ह्या गावात आले तवा लई ल्हान हुते," प्रेमाबाई म्हणाल्या. "अंगात ताप हुता. ऊन असं, की पाय भाजत हुते. गाडीतनं उतरीवलं मला. चालवंना म्हणून रडले तर आमच्या मामंजींनी कान धरला. तवापासनं किती येळा उतरले त्याचा हिसाब न्हाय. लेकरं पोटात आसताना उतरले." त्यांनी बैठकीवरची धूळ पदरानं पुसली. "मेल्यावर म्या तिथनं बसून जाणारच हाय, ते म्हाईत हाय मला. पर तवा माझं डोळं मिटलेलं असत्याल. मला बघायचंय."

नीलम्मानं करंड्या सोडल्या. दोघांनी म्हातारीला उचलून बसवलं. तिनं एका हातानं लेकाचा खांदा धरला आणि दुसऱ्या हातानं डोक्यावरचा पदर सारखा केला. नीलम्मा दोन्ही उलथनी घेऊन वेशीपर्यंत पायी गेली आणि पिंपळाखाली उभी राहिली.

फटफटी पिंपळापाशी आली तशी शिवप्पानं सवयीनं वेग वाढवला.

"हळू घे, शिवप्पा," प्रेमाबाई म्हणाल्या.

त्यानं हळू घेतली. ओसरीवर आण्णासाहेब बसले होते. प्रेमाबाईंनी मान वर केली, पहिल्यांदा त्या दरवाजाकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग आण्णासाहेबांकडं पाहिलं, आणि कमान येईपर्यंत नजर हटवली नाही.